वॉर्डातला रुग्ण बिघडतोय हे वेळेत कसं ओळखायचं: नव्या स्टाफ नर्ससाठी

जनरल वॉर्डात एखादा रुग्ण 'अचानक' कोसळतो. मग त्याचा चार्ट उघडून मागचे सहा-आठ तास वाचले, की अनेकदा दिसतं की अचानक असं काही झालेलंच नव्हतं. नाडी हळूहळू चढत होती, श्वास वाढला होता, लघवी कमी झाली होती आणि नातेवाईक दोनदा येऊन "आज यांचं काही वेगळंच चाललंय" असं सांगून गेले होते. बीपी मात्र नीट होतं, म्हणून सगळे निर्धास्त राहिले.

मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डात नव्याने ड्युटीला लागलेल्या सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी हे लिहिते आहे. प्रौढ रुग्ण कसा तपासायचा, काय सापडलं की काय ठरवायचं आणि डॉक्टरांना केव्हा, कोणत्या शब्दांत बोलवायचं, हे क्रमाने सांगते. औषधांचे डोस आणि स्टँडिंग ऑर्डर (आधीच ठरवून दिलेल्या सूचना) तुमच्या रुग्णालयाप्रमाणेच पाळा. तपासणीची ही पद्धत मात्र जिल्हा रुग्णालयापासून मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयापर्यंत सारखीच लागू पडते.

हँडओव्हर खाटेपाशीच घ्या

नर्सिंग स्टेशनवर बसून रजिस्टर वाचून घेतलेला चार्ज अर्धवट असतो. जाणाऱ्या सिस्टरला बरोबर घेऊन खाटांवरून फिरा. नाव, निदान, ऑपरेशनचा कितवा दिवस, ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) आणि कॅथेटर (लघवीची नळी) किती, कोणतं सलाईन कोणत्या वेगाने, कोणता रिपोर्ट यायचाय, एवढं तर विचाराच. त्याशिवाय प्रत्येक रुग्णामागे आणखी एक प्रश्न विचारा: "तुम्ही ड्युटीवर आलात तेव्हापेक्षा आता हा बरा आहे की उतरलाय?" बारा तास पाहिलेल्या माणसाकडे या प्रश्नाचं उत्तर असतं, आणि ते चार्टवर कुठेच लिहिलेलं नसतं.

नाईटला एकटीकडे तीस-चाळीस रुग्ण असतील तर सगळ्यांना सारखा वेळ देता येणार नाही, आणि देऊही नये. आधी कोणाकडे जायचं? आज ऑपरेशन झालेले, ऑक्सिजनवरचे, रक्त चालू असलेले, आयसीयूतून नुकतेच बाहेर आलेले, ज्यांच्याबद्दल आधीची सिस्टर कचरत बोलली ते, आणि ज्यांच्या घरच्यांनी तक्रार केली आहे ते. उद्या डिस्चार्ज असलेले, स्वतः चालत बाथरूमला जाणारे रुग्ण शेवटी.

यंत्र लावण्याआधी नुसतं पाहा

खाटेच्या पायथ्याशी अर्धा मिनिट उभं राहा. रुग्ण कसा बसलाय? दम लागलेला माणूस आडवा पडत नाही. हात टेकवून पुढे झुकतो आणि वाक्य पूर्ण न करता दोन-दोन शब्दांत बोलतो. मानेचे स्नायू ओढले जातात का, कपाळावर घाम आहे का, ओठांचा रंग कसा आहे ते बघा. सावळ्या त्वचेत फिकेपणा किंवा निळेपणा गालावर दिसत नाही, म्हणून खालच्या पापणीच्या आत, जिभेवर आणि नखांच्या मुळाशी पाहायचं. मग हात हातात घ्या. गार, ओलसर तळवा खूप काही सांगून जातो. बोटाचं टोक हृदयाच्या पातळीवर धरून पाच सेकंद दाबून सोडा. रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागत असतील आणि खोली थंड नसेल, तर रक्ताभिसरण कमी पडतंय असं धरा.

श्वास पूर्ण मिनिटभर मोजा

या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर ओळीने सगळ्या रुग्णांचा श्वास '२०' लिहिलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. तीस वेगवेगळ्या आजारांची तीस माणसं एकाच वेगाने श्वास घेत नसतात. श्वास न मोजता लिहिला की आपल्या हातातली सर्वात लवकर दिसणारी खूण आपणच पुसून टाकतो.

शरीरात आम्ल वाढलं, ऑक्सिजन कमी पडला, रक्तस्राव झाला, जंतुसंसर्ग पसरू लागला, की श्वासाचा वेग आधी वाढतो. याची कारणं वेगवेगळी असली तरी परिणाम एकच दिसतो. प्रौढाचा शांत श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. २० च्या पुढे गेला की कारण शोधायचं, २५ किंवा त्याहून जास्त असेल तर लगेच कळवायचं. ८ किंवा त्याहून कमी असेल तर तेही तितकंच गंभीर, विशेषतः ट्रामाडॉल, फेंटानिल किंवा मॉर्फिन ही वेदनेची औषधं मिळालेल्या रुग्णात. या औषधांनी श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते. त्यामुळे "छान झोपलाय" असं वाटणाऱ्या ऑपरेशनच्या रुग्णाला एकदा हाक मारून पाहा. हाकेला डोळे उघडून नीट उत्तर दिलं तर ठीक. बोलता बोलताच डोळे मिटत असतील तर पुढचा डोस थांबवून कळवा.

मोजताना रुग्णाला सांगू नका, नाहीतर तो श्वास सांभाळून घेतो. नाडीवर बोटं ठेवूनच छातीकडे किंवा पोटाकडे पाहत साठ सेकंद मोजा.

सॅच्युरेशनवर (रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांवर) भरवसा ठेवून श्वास मोजणं टाळू नका. रुग्ण जास्त जोर लावून श्वास घेत असेल तर सॅच्युरेशन बराच वेळ ९६-९७ टिकून राहतं, आणि जोर संपला की झपकन घसरतं. शिवाय गडद नेलपॉलिश, गार बोटं, कमी बीपी यांत आकडा चुकतो, आणि गडद त्वचेत बोटाला लावलेला प्रोब प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो. रुग्ण धापा टाकतोय आणि प्रोब ९८ सांगतोय, तर रुग्णावर विश्वास ठेवा.

ऑक्सिजन लावताना बहुतेक प्रौढांत ९४ ते ९८ टक्के हे लक्ष्य असतं. जुना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्या, कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णात ते ८८ ते ९२. साध्या मास्कला मिनिटाला किमान ५ लिटर लागतात, त्याहून कमी दिले तर रुग्ण सोडलेलीच हवा परत ओढतो. पिशवीच्या मास्कला १० ते १५ लिटर, आणि लावण्याआधी पिशवी फुगलेली हवी.

नाडी, बीपी, लघवी: तिन्ही एकत्र वाचा

सुमारे ७० किलोच्या निरोगी प्रौढाच्या अंगातलं जवळपास दीड लिटर रक्त जाईपर्यंत आडव्या स्थितीत वरचं बीपी टिकून राहू शकतं. रक्तवाहिन्या आकसतात, नाडी वाढते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते आणि या सगळ्यांच्या जोरावर बीपीचा आकडा सावरलेला राहतो. बीपी पडतं तेव्हा शरीराचे सगळे उपाय संपलेले असतात. म्हणून ११०/७० पाहून पुढे जाण्याआधी तीन गोष्टी बघा: नाडी किती, मागच्या वेळी किती होती, आणि लघवी किती झाली.

लघवी ताशी प्रत्येक किलोमागे अर्धा मिली हवी, म्हणजे ६० किलोच्या रुग्णात तासाला ३० मिली. युरोमीटर (तासाची लघवी मोजायचं भांडं) नसेल तर बॅग रिकामी करून वेळ लिहा आणि दोन तासांनी मोजा. लघवी दिसली नाही तर आधी नळी पाहा: अंगाखाली दबली आहे का, मुरगळली आहे का, बॅग खाटेपेक्षा वर टांगली आहे का, ओटीपोट फुगून कडक लागतंय का. स्पायनल भूल दिलेल्या, कॅथेटर नसलेल्या रुग्णात लघवी तुंबणं नेहमीचं असतं. तो बेचैन होतो, बीपी चढतं, आणि आपण वेदनेचं इंजेक्शन देत बसतो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची नाडी रक्तस्रावातही फारशी वाढत नाही. आणि जुना उच्च रक्तदाब असलेल्या आजोबांचं नेहमीचं बीपी १६० असेल, तर त्यांचं ११० हे नॉर्मल नसून घसरण असते. नाडी अनियमित लागत असेल तर डिजिटल यंत्रावर न थांबता हाताने बीपी घ्या.

शुद्ध आणि साखर

"नाव काय?" याचं उत्तर गोंधळलेला माणूसही देतो. त्यापेक्षा "काका, आपण आत्ता कुठे आहोत? बरोबर कोण आलंय? नुकताच कोणता सण झाला?" असं विचारा. काल नीट बोलणारा रुग्ण आज गोंधळला, तर तो नवा गोंधळ आहे, आणि म्हातारपणावर ढकलून तो सोडून द्यायचा नाही. वयस्कांत डिलिरियम (अचानक आलेला गोंधळ) आरडाओरड करूनच येतं असं नाही. गप्प पडून राहणारी, जेवण न मागणारी आजी त्रास देत नाही म्हणून राउंडमध्ये मागे पडते, आणि तिचाच जंतुसंसर्ग किंवा कमी झालेलं सोडियम सापडायला उशीर होतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, भास असं दिसलं तर रोजची दारू आहे का, हे घरच्यांना बाजूला घेऊन, आवाज न चढवता विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही.

शुद्धीत कोणताही बदल दिसला की ग्लुकोमीटर काढाच. ७० च्या खाली साखर असेल आणि रुग्ण गिळू शकत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध किंवा गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही. ऑर्डरप्रमाणे शिरेतून डेक्स्ट्रोज द्यायचं. इन्सुलिन घेऊन 'एनबीएम' (तोंडाने काहीही न घेता) राहिलेला रुग्ण हा इथला नेहमीचा बळी. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं की त्याची साखर आधी तपासा.

सर्जरीचा रुग्ण: कितव्या दिवशी काय पाहायचं

पहिल्या रात्री लक्ष रक्तस्राव, श्वास, वेदना आणि लघवीकडे. ड्रेसिंगवर डाग दिसला तर त्याच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ लिहा, म्हणजे तो वाढतोय का हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. ड्रेसिंग वरून कोरडं असलं तरी हात अंगाखाली घालून चादर पाहा, रक्त खाली ओघळतं. ड्रेनमध्ये किती आलं याबरोबर कसं आलं हेही लिहा: ताजं लाल, फिकट गुलाबी, हिरवट, मळकट. ताजं लाल रक्त तासाला १०० मिलीच्या आसपास येत असेल तर थांबायचं नाही. आणि येता येता ड्रेन एकदम बंद झाला तर आनंद मानू नका, गुठळीने नळी बंद झाली असेल.

वेदना शून्य ते दहात सांगा म्हटलं की बरेच रुग्ण गोंधळतात, किंवा सिस्टरला त्रास नको म्हणून "बरं आहे" म्हणतात. त्याऐवजी त्यांना कूस बदलायला सांगा, खोल श्वास घेऊन खोकायला सांगा. खोकता येत नसेल तर वेदना पुरेशी आटोक्यात नाही, आणि छातीत कफ साठणार आहे. औषध देऊनही वाढत जाणारी, किंवा ऑपरेशनच्या जागेपेक्षा वेगळीकडे आलेली वेदना ही गुंतागुंतीची खूण धरा. प्लास्टर किंवा हाडाच्या ऑपरेशननंतर बोटं ताणली की असह्य दुखत असेल तर कंपार्टमेंट सिंड्रोमचा (सुजेने दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटण्याचा) संशय घेऊन तासाच्या नव्हे, मिनिटांच्या घाईने कळवा.

पहिल्या दोन दिवसांतला सौम्य ताप बऱ्याचदा ऑपरेशनच्या इजेचाच असतो, पण श्वास, लघवी, सलाईनची जागा पाहिल्याशिवाय तसं म्हणायचं नाही. टाक्यांचा संसर्ग बहुधा पाचव्या दिवसानंतर दिसतो. एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर चोळायचं नाही, चालवायचं नाही, कळवायचं. बरेचदा घरचे प्रेमाने तेल लावून पाय चोळत असतात, त्यांना समजावून थांबवा.

सर्वात जास्त फसवतो तो आतड्याच्या जोडणीनंतरचा पाचवा ते सातवा दिवस. समजा, ५२ वर्षांच्या गृहस्थांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय, आज पाचवा दिवस. काल वारा सरला होता, दोन घास खिचडी खाल्ली होती. काल नाडी ८८, श्वास १८, सॅच्युरेशन ९७. आज संध्याकाळी नाडी ११२, श्वास २४, सॅच्युरेशन ९४, बीपी ११६/७४, ताप १००.२. पूर्ण शुद्धीत आहेत. पोट थोडं फुगलंय, जेवण नको म्हणतात, आणि "जीव घाबरा होतोय" असं म्हणतात. बीपी चांगलं, ताप जेमतेम. रात्रीच्या गर्दीत हा रुग्ण सहज निसटतो. पण जोडणी गळत असेल तर ती सुरुवातीला अशीच दिसते.

गुण मोजून निर्णय घ्या

'काहीतरी बरं वाटत नाही' हे डॉक्टरांना फोनवर पटवून देणं अवघड जातं, म्हणून गुणांची पद्धत वापरा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली न्यूज-टू ही पद्धत कागद-पेनावर जमते. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे, नॉर्मलपासून जितकं दूर तितके जास्त.

वरच्या गृहस्थांचं मोजू. श्वास २१ ते २४ मध्ये, २ गुण. सॅच्युरेशन ९४, १ गुण. ऑक्सिजन नाही, ०. बीपी १११ च्या वर, ०. नाडी १११ ते १३० मध्ये, २ गुण. शुद्धीत, ०. ताप १००.४ च्या आत, ०. एकूण ५. काल हेच ० होते.

० असेल तर जास्तीत जास्त बारा तासांनी, १ ते ४ असेल तर चार ते सहा तासांनी पुन्हा तपासा. ५ किंवा ६ झाले, किंवा एकाच गोष्टीत ३ गुण आले (नवा गोंधळ आला तरी सरळ ३), तर डॉक्टरांनी तातडीने पाहायचं आणि तासातासाला नोंद. ७ आणि पुढे आणीबाणी: सतत मॉनिटर आणि आयसीयूचा विचार. म्हणजे हे गृहस्थ सकाळच्या राउंडपर्यंत थांबू शकत नाहीत. सीओपीडीच्या ८८ ते ९२ लक्ष्य असलेल्या रुग्णांसाठी सॅच्युरेशनचे गुण वेगळ्या तक्त्याने द्यायचे, हे विसरू नका.

गुण कमी आहेत म्हणून मनातली शंका मात्र दाबू नका. पद्धत लघवी मोजत नाही, ड्रेन पाहत नाही, पोटाला हात लावत नाही.

मेडिसिनचा रुग्ण: डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत आपले मेडिसिन वॉर्ड डेंग्यूने भरतात, आणि सगळ्यांची नजर प्लेटलेटच्या आकड्यावर खिळते. नर्सने मात्र घड्याळ आणि नाडी पाहावी. डेंग्यूत धोका सुरू होतो तो बहुधा ताप उतरताना, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, ते साधारण २४ ते ४८ तास चालतं. घरचे म्हणतात, "ताप गेला, आता घरी सोडा." नेमक्या त्याच वेळी तपासणी वाढवायची असते.

पाचव्या दिवशीची एक तरुणी घ्या: ताप नाही, बीपी १००/८४, नाडी १०८, हात गार. वरचा आकडा १०० पाहून समाधान मानू नका. वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर फक्त १६ आहे, आणि ते २० किंवा त्याहून कमी झालं की शॉक सुरू झालाय असं समजायचं. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा बेचैनी, आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) चढत असताना प्लेटलेट झपाट्याने उतरणं, या धोक्याच्या खुणा. सलाईनचा वेग या काळात तासातासाला बदलावा लागतो, म्हणून इनटेक-आउटपुट खरं लिहा. नातेवाइकाने पाजलेलं नारळपाणीही त्यात येतं. झिरपणं थांबल्यावर तेच पाणी परत रक्तात येतं. तेव्हा श्वास वाढला, खोकला सुरू झाला तर सलाईन जास्त होतंय हे लगेच सांगा. या रुग्णांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. मागच्या प्रिस्क्रिप्शनमधून ते चुकून चालू राहिलं आहे का, हे औषधं देणाऱ्या आपल्यालाच आधी दिसतं.

डॉक्टर येईपर्यंत

दम लागलेल्याला पाठ उचलून बसवा. बीपी पडलेल्याला आडवं करून पाय उचला. गुंगीतल्याला कुशीवर वळवा. ऑक्सिजन, साखरेची तपासणी, छातीत दुखत असेल तर १० मिनिटांत ईसीजी. शिरेतली सुई चालू आहे का ते पाहा. रक्तस्रावाचा संशय असेल तर दुसरी, मोठी सुई लावून ठेवा. कमी साखरेचा उपाय सोडून तोंडाने काही देऊ नका, ऑपरेशनची वेळ येऊ शकते. रक्त चालू असताना थंडी, ताप, कंबरदुखी, दम असं काही झालं तर रक्त लगेच थांबवा, सुई काढू नका, नवा सेट लावून सलाईन चालू ठेवा आणि पिशवी जपून ठेवा.

ठरलेलं औषध थांबवण्याचा विचार करणं हाही नर्सिंगचा निर्णय आहे. बीपी ९० असताना सकाळची बीपीची गोळी आणि गुंगी असताना ट्रामाडॉल देऊ नका. विचारा आणि कारण लिहा. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही, कितीही घाई असो. आपल्याकडच्या १० मिलीच्या १५ टक्के ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात, आणि तेवढं एकदम गेलं तर हृदय थांबतं.

फोन कसा करायचा

फोन करण्याआधी केसपेपर, चार्ट आणि औषधांची यादी समोर ठेवा. आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग तुमचा अंदाज, शेवटी नेमकी मागणी:

"सर, मेल सर्जिकलमधून स्टाफ नर्स बोलतेय. बेड १४ च्या पेशंटचा न्यूज स्कोअर काल शून्य होता, आज पाच आहे. मोठ्या आतड्याच्या जोडणीचा पाचवा दिवस. नाडी ११२, श्वास २४, सॅच्युरेशन ९४, बीपी ११६/७४, ताप १००.२. पोट फुगलंय, लघवी दोन तासांत ४० मिली, वजन ६० किलो. मला जोडणी गळण्याची शंका येतेय. तुम्ही अर्ध्या तासात येऊन पाहावं अशी विनंती आहे. तोपर्यंत एनबीएम ठेवलंय. रक्ताचे कोणते नमुने घेऊन ठेवू?"

निदानाचा अंदाज सांगायला नव्या मुली घाबरतात. सांगा. चुकला तर चुकला, ऐकणाऱ्याला निकड कळते. फोनवर मिळालेली ऑर्डर लिहून घ्या, औषधाचं नाव आणि डोस परत वाचून दाखवा.

"बघतो" असं उत्तर आलं आणि अर्ध्या तासात कोणी आलं नाही, तर पुन्हा फोन करा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर रजिस्ट्रार, मग युनिटचे वरिष्ठ, आणि त्याच वेळी इन्चार्ज सिस्टरना कळवा. यात कोणाची तक्रार होत नाही. रुग्णासाठी ठरलेली वरची पायरी आपण वापरत असतो.

नोंदीत "डॉक्टरांना कळवले" एवढंच लिहू नका. किती वाजता, कोणाला, कोणते आकडे सांगितले, काय ऑर्डर मिळाली, ती किती वाजता अमलात आणली आणि त्यानंतर अर्ध्या तासाने श्वास, नाडी, बीपी, लघवी किती होती, हे सगळं त्याच वेळी लिहा. ड्युटी संपताना हा रुग्ण पुढच्या सिस्टरला सर्वात आधी दाखवा, आणि त्याचा पुढचा श्वास किती वाजता मोजायचा ती वेळ तिला सांगून मगच निघा.